बीसीआर-एबीएल निल, तरी बोनमॅरो कशासाठी?

“मॅडम, पप्पांचा बीसीआर-एबीएल चार वर्षांपासून निल येतोय. मग आता परत बोनमॅरो कशासाठी काढायला सांगितलंय?” निफाडकडून आलेल्या एका मुलीने फाइल पुढे सरकवत मला हे विचारले, तेव्हा तिचे वडील बाहेरच्या बाकावर बसून होते. रुग्णाची ओळख पटू नये इतपत तपशील बदलून मी त्यांची हकिकत इथे सांगते. वय ६१, द्राक्षांची बाग, सीएमएल या रक्ताच्या कर्करोगासाठी नऊ वर्षांपासून इमॅटिनिबची गोळी रोज, एकही दिवस न चुकता. ताज्या सीबीसीत, म्हणजे रक्तपेशींच्या मोजणीत, हिमोग्लोबिन ९.६, पांढऱ्या पेशी २,९००, प्लेटलेट ९२,०००, आणि तांबड्या पेशींचा आकार दाखवणारा एमसीव्ही १०९. ज्या आजारासाठी गोळी चालू आहे तो आजार बीसीआर-एबीएलच्या चाचणीत सापडतही नाही, म्हणजे ‘निल’ येतो, आणि तरीही रक्त मात्र उतरत चालले आहे. नाशिकमध्ये रक्ताच्या काचा, म्हणजे काचपट्टीवर पसरलेले रक्ताचे थेंब, सूक्ष्मदर्शकाखाली पाहण्याचे काम मी गेली बरीच वर्षे करते. हा प्रश्न मला अधूनमधून विचारला जातो, आणि दोन वाक्यांत दिलेल्या उत्तराने कोणाचे समाधान होत नाही, म्हणून तो इथे सविस्तर मांडते आहे.

क्रॉनिक मायलॉइड ल्युकेमिया, म्हणजे सीएमएल, हा अस्थिमज्जेतील, म्हणजे बोनमॅरोतील, मूळ पेशीचा आजार आहे. कमरेची हाडे, छातीचे हाड, मणके यांच्या पोकळीत असलेल्या या मज्जेत दररोज सुमारे २०० अब्ज तांबड्या पेशी तयार होतात, शिवाय पांढऱ्या पेशी आणि प्लेटलेट वेगळ्या. या सगळ्यांच्या मुळाशी थोड्याशाच मूळ पेशी असतात, ज्यांना आपण स्टेम सेल म्हणतो. अशा एखाद्या मूळ पेशीत ९ क्रमांकाच्या आणि २२ क्रमांकाच्या गुणसूत्रांचे तुकडे तुटून एकमेकांच्या जागी चिकटतात आणि बीसीआर-एबीएल नावाचे जोडजनुक तयार होते. १९६० मध्ये पीटर नॉवेल आणि डेव्हिड हंगरफोर्ड यांनी फिलाडेल्फिया शहरात या रुग्णांच्या पेशींत एक आखूड गुणसूत्र पाहिले, त्यावरून त्याला फिलाडेल्फिया गुणसूत्र हे नाव पडले. तो आखूडपणा तुकड्यांच्या अदलाबदलीमुळे आला आहे, हे शिकागोच्या जॅनेट राउली यांनी १९७३ मध्ये दाखवून दिले. या जोडजनुकापासून तयार होणारे प्रथिन पेशीला सतत ‘वाढ, वाढ’ असा आदेश देत राहते. ज्या खोबणीत बसून ते प्रथिन आपली ऊर्जा घेते, त्या खोबणीतच इमॅटिनिबचा रेणू जाऊन बसतो आणि आदेश थांबतो. मे २००१ मध्ये अमेरिकेत या औषधाला मान्यता मिळाली. भारतात १ एप्रिल २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने त्याच्या एका स्फटिकरूपाचे पेटंट नाकारले आणि स्वस्त जेनेरिक गोळ्यांची वाट निर्धोक झाली. ज्या पहिल्या मोठ्या चाचणीत हे औषध वापरले गेले, तिच्यात इमॅटिनिब गटातील सुमारे ८३ टक्के रुग्ण दहा वर्षांनंतर हयात होते. त्याआधीच्या काळात ज्यांनी या आजाराचे रुग्ण पाहिले, त्यांना हा आकडा वाचून काय वाटले असेल याची कल्पना मी करू शकते. पुढे जे लिहिते आहे ते वाचताना वाचकाने हा आकडा विसरू नये, अशी माझी विनंती आहे.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. निदान होते त्या दिवशी रुग्णाच्या मज्जेतील जवळजवळ सगळ्या विभाजित होणाऱ्या पेशी फिलाडेल्फियावाल्या असतात. निरोगी मूळ पेशी नष्ट झालेल्या नसतात, पण कोपऱ्यात दबून गेलेल्या असतात. औषध सुरू झाले की रोगट पेशींचा जोर ओसरतो आणि संपूर्ण शरीराला रक्त पुरवण्याचा भार या दबलेल्या, संख्येने थोड्या उरलेल्या पेशींवर येऊन पडतो. उपचाराच्या पहिल्या दोन-तीन महिन्यांत पेशींची संख्या उतरते ती बहुतेक वेळा याच कारणाने: जुने पीक काढले गेले आहे आणि नवे अजून उगवायचे आहे. म्हणून त्या काळात न्यूट्रोफिल (पांढऱ्या पेशींचा एक प्रकार) १,००० च्या खाली किंवा प्लेटलेट ५०,००० च्या खाली गेल्या, तर डॉक्टर गोळी काही दिवस थांबवतात, आणि न्यूट्रोफिल १,५०० व प्लेटलेट ७५,००० पर्यंत सावरल्या की पुन्हा सुरू करतात. यात घाबरण्यासारखे काही नाही.

मात्र ज्या पेशींवर हा भार पडतो, त्या सगळ्या कोऱ्या करकरीत नसतात, ही गोष्ट रुग्णांना सहसा कोणी सांगत नाही. इमॅटिनिब सर्रास वापरात आल्यानंतर एक-दोन वर्षांतच काही केंद्रांना असे दिसू लागले, की उत्तम प्रतिसाद दिलेल्या, फिलाडेल्फिया गुणसूत्र पूर्ण नाहीसे झालेल्या काही रुग्णांच्या उरलेल्या पेशींमध्ये दुसरेच गुणसूत्रदोष आहेत. कोणाच्या पेशींत आठव्या क्रमांकाचे गुणसूत्र दोनऐवजी तीन, कोणा पुरुषाच्या पेशींतून वाय गुणसूत्र गायब, तर क्वचित कोणाच्या पेशींत सातव्या क्रमांकाचे एक गुणसूत्र नाहीच. वेगवेगळ्या केंद्रांच्या नोंदींत हे प्रमाण कमीअधिक आहे. ढोबळमानाने औषध घेणाऱ्या शंभरातील पाच ते दहा जणांमध्ये कधी ना कधी असा बदल सापडतो. त्यांतल्या फार थोड्यांना पुढे मायलोडिस्प्लास्टिक सिंड्रोम, म्हणजे एमडीएस होतो, आणि त्याहूनही थोड्यांना तीव्र ल्युकेमिया. एमडीएस म्हणजे मज्जेत पेशी घडतात, पण वेड्यावाकड्या घडतात आणि बऱ्याचशा रक्तात उतरण्याआधीच मरून जातात. मज्जा भरलेली आणि रक्त मात्र रिकामे.

आमच्या भागातल्या माणसाला हे समजावताना मी वावराचे उदाहरण देते. कांद्याच्या वावरात रुंद पानांचे तण माजले, तुम्ही नेमके त्याच तणाला मारणारे औषध फवारले, ते तण जळून गेले, आणि पंधरा दिवसांनी बघता तर मोकळ्या झालेल्या जागेत लव्हाळा वर आलेला. लव्हाळा फवाऱ्यातून आलेला नसतो. त्याच्या गाठी जमिनीत आधीपासून होत्या, वरच्या दाट पाल्याच्या सावलीत त्या दिसत नव्हत्या एवढेच. मात्र एका ठिकाणी हा दाखला तोकडा पडतो, आणि ते रुग्णांच्या फायद्याचे आहे: लव्हाळा एकदा आला की आपणहून जात नाही, तर मज्जेतले हे दुसरे बदल कित्येक रुग्णांत काही महिन्यांनी किंवा वर्षांनी आपोआप दिसेनासे होतात.

‘दुय्यम विकार’ हा शब्द ऐकला की औषधामुळेच तो झाला, असा ग्रह होतो. कावळा बसायला आणि फांदी तुटायला एकच गाठ पडावी, तसे यात किती आणि खरोखर कार्यकारण किती, याचा निवाडा अजून पुरता झालेला नाही. एक विचार असा, की या सदोष पेशी सीएमएलच्याही आधीपासून मज्जेत होत्या. वय वाढेल तसे आपल्या सगळ्यांच्याच मूळ पेशींत डीएनएमटी३ए, टीईटी२, एएसएक्सएल१ अशा जनुकांतले बदल साठत जातात, आणि काही सीएमएल रुग्णांत असे बदल फिलाडेल्फिया नसलेल्या पेशींतही सापडले आहेत. म्हणजे जमीन आधीच कमकुवत झालेली असू शकते. दुसरा विचार असा, की थोड्याच मूळ पेशींना अल्पकाळात प्रचंड वेगाने विभाजित व्हावे लागते आणि त्या धावपळीत चुका होतात. तिसरा मुद्दा औषधाचा: इमॅटिनिब बीसीआर-एबीएलखेरीज केआयटी नावाच्या प्रथिनालाही अडवते, आणि ते प्रथिन निरोगी मूळ पेशींनाही लागते. माझे स्वतःचे मत पहिल्या विचाराकडे अधिक झुकते, कारण एकट्या औषधाचा दोष असता तर इतक्या वर्षांत इतक्या लोकांनी ही गोळी घेतल्यावर असे रुग्ण कितीतरी अधिक दिसायला हवे होते.

आता त्या ‘निल’चा अर्थ. दर तीन महिन्यांनी रक्तावर जी पीसीआर चाचणी होते, ती फक्त बीसीआर-एबीएलचे धागे मोजते. ही चाचणी विलक्षण सूक्ष्म आहे, पण ती एकाच नावाची हजेरी घेते. वर्गात दुसरे कोण येऊन बसले आहे, हे तिला विचारलेलेच नसते आणि ती सांगतही नाही. सातवे गुणसूत्र हरवलेल्या पेशींनी मज्जा भरलेली असली, तरी बीसीआर-एबीएल निलच येणार. म्हणून तो अहवाल हातात घेऊन रुग्ण आनंदाने घरी जातो, ते योग्यच आहे, पण त्याच दिवशीच्या सीबीसीचा कागद न वाचता फाइलमध्ये लावला जातो, याचे मला मनापासून वाईट वाटते. पीसीआरला काही हजार रुपये लागतात, सीबीसीला काही शे. या प्रश्नात मात्र पहिला इशारा स्वस्त चाचणीच देते.

इशारा कोणता? उपचार स्थिर होऊन वर्ष-दोन वर्षे उलटली आहेत, गोळीचा डोस बदललेला नाही, बीसीआर-एबीएल खोल दबलेला आहे, आणि तरीही एक किंवा अधिक प्रकारच्या पेशी दर खेपेला थोड्या थोड्या उतरत आहेत, किंवा एमसीव्ही चढत चालला आहे. एका अहवालातली घट फारशी बोलत नाही. चार अहवाल शेजारी शेजारी ठेवले की दिशा दिसते. त्यापुढची पायरी म्हणजे काच. यंत्र आकडे देते, पण पेशीचा चेहरा डोळ्यांनीच पाहावा लागतो. निरोगी न्यूट्रोफिलचे केंद्रक तीन-चार कप्प्यांचे असते, मधे बारीक धागे असलेले. एमडीएसमध्ये ते अनेकदा दोनच गोल कप्प्यांवर अडते, नाकावर ठेवलेल्या चष्म्यासारखे दिसते, आणि भोवतालचा द्रव, ज्यात बारीक गुलाबी कण पसरलेले असायला हवेत, तो फिकट आणि मोकळा असतो. याउलट ब-१२ जीवनसत्त्व कमी असेल तर कप्पे वाढतात. पाच, सहा, कधी सातही. एमसीव्ही दोन्हींत वाढतो, रक्त दोन्हींत उतरते, पण कप्प्यांची संख्या उलट दिशांना जाते.

ब-१२ चा उल्लेख मी मुद्दाम करते. आपल्याकडे शाकाहारी घरे पुष्कळ, आणि त्यांच्यात ही कमतरता अगदी सामान्य आहे. त्यात इमॅटिनिबने पोटात जळजळ होते म्हणून रोज सकाळी घेतली जाणारी पित्ताची गोळी, आणि मधुमेह असेल तर मेटफॉर्मिन, ही दोन्ही औषधे वर्षानुवर्षे घेतल्यास ब-१२ चे शोषण घटवतात. म्हणून एमडीएसचा शब्द उच्चारण्यापूर्वी ब-१२, फोलेट, थायरॉइड, यकृत यांची तपासणी व्हायलाच हवी. ताकद यावी म्हणून महिनोन् महिने घेतलेल्या झिंकच्या गोळ्यांमुळे शरीरातले तांबे कमी होते आणि मज्जा हुबेहूब एमडीएससारखी दिसते; शिसे किंवा सोमल असलेली काही रसौषधेही रक्ताची अशीच नासाडी करू शकतात. डॉक्टर रागावतील म्हणून हे लपवू नये. ते कळले नाही तर तपासणी भलत्याच दिशेला जाते.

याच ओघात एक नाशिकचीच गोष्ट. इमॅटिनिबसोबत ग्रेपफ्रूट टाळा, असे माहितीपत्रकात लिहिलेले असते, कारण त्या फळामुळे औषध विघटित करणारे एन्झाइम अडते आणि रक्तातले औषध वाढून पेशी उतरू शकतात. ग्रेपफ्रूट हे मोसंबी-पपनसाच्या कुळातले फळ आहे, द्राक्षाशी त्याचा संबंध नावापुरताच. आमच्या या बागायतदारांनी मात्र नऊ वर्षे स्वतःच्या बागेतला एक मणीही तोंडात टाकला नव्हता. द्राक्षे खुशाल खावीत. पपनस मात्र टाळावे, कारण त्यातही तीच द्रव्ये असतात.

हे सगळे तपासूनही खुलासा झाला नाही, किंवा काचेवर चष्म्यासारख्या पेशी दिसल्या, तर मज्जेची तपासणी हवी. तिच्याविषयीची भीती बहुतांशी एका गैरसमजावर उभी आहे. पाठीच्या कण्यातून पाणी काढतात आणि माणूस अधू होतो, हे वाक्य मी असंख्य वेळा ऐकले आहे. मज्जा कण्यातून काढत नाहीत. कमरेच्या मागे, पट्टा बांधतो त्याच्या किंचित खाली हाताला लागणाऱ्या हाडाच्या उंचवट्यातून ती घेतात, जिथे पाठीचा मज्जारज्जू नसतोच. जागा बधिर करतात. सुई हाडात शिरताना दाब जाणवतो, आणि मज्जा ओढून घेताना काही सेकंद कमरेपासून पायात ओढ बसल्यासारखे दुखते. ते दुखते, हे आधीच सांगितलेले बरे. मग काचेवर ठेवलेल्या थेंबात तुपाच्या कणीसारखे चमकणारे बारीक कण दिसले की नमुना चांगला आला असे आम्ही समजतो.

इथे एक व्यावहारिक गोष्ट रुग्णाच्या नातेवाइकांनी लक्षात ठेवण्यासारखी आहे. गुणसूत्रे पाहण्यासाठीचा नमुना हिरव्या टोपणाच्या, हेपॅरिनच्या नळीत जातो, आणि त्यातल्या पेशी जिवंत असाव्या लागतात, कारण प्रयोगशाळेत त्या वाढवून, विभाजनाच्या ऐन क्षणी थांबवून, मगच गुणसूत्रे मोजता येतात. नाशिकहून हे नमुने बहुधा मुंबई-पुण्याला जातात. शनिवारी संध्याकाळी घेतलेला नमुना सोमवारपर्यंत कुठेतरी पडून राहिला, किंवा कोणी शहाणपणा करून तो बर्फात गोठवला, तर ‘पेशी वाढल्या नाहीत’ एवढाच अहवाल येतो आणि सुई पुन्हा टोचावी लागते. शक्य असेल तर तपासणी आठवड्याच्या सुरुवातीला ठेवावी. आणि फॉर्मवर केवळ ‘सीएमएल, बीसीआर-एबीएल पाहा’ असे न लिहिता, ‘बीसीआर-एबीएल निल, पेशी उतरत आहेत, कॅरिओटाइप हवा’ असे स्पष्ट लिहिलेले आहे ना, हे पाहावे. प्रयोगशाळेला प्रश्न कळला नाही तर उत्तरही अपुरेच येते.

कॅरिओटाइपमध्ये साधारण २० पेशींची गुणसूत्रे एकेक करून पाहिली जातात, आणि अहवालाला दोन आठवडेही लागतात. निकालाचे गांभीर्य कोणते गुणसूत्र बदलले आहे यावर ठरते. पुरुषांत उतारवयात वाय गुणसूत्र हरवणे हे बरेचदा वयाचेच लक्षण असते. एकटे आठवे गुणसूत्र जास्तीचे असेल आणि पेशींचे रूप चांगले असेल, तर सहसा लक्ष ठेवणे पुरते. सातवे गुणसूत्र किंवा त्याची लांब भुजा हरवलेली असेल, तर मात्र डॉक्टर सावध होतात. युरोपियन ल्युकेमिया नेट या तज्ज्ञगटाने २०१३ च्या मार्गदर्शक सूचनांत नेमक्या याच बदलाला इशाऱ्याच्या यादीत ठेवले होते. अशा रुग्णात मज्जा वारंवार तपासली जाते, आणि एमडीएस खरोखर सुरू झाला तर ॲझासायटिडिन किंवा डेसिटाबिनसारखी औषधे, आणि वय व प्रकृती साथ देत असेल तर भावंडाच्या किंवा अन्य जुळणाऱ्या दात्याच्या मूळ पेशींचे प्रत्यारोपण, यांचा विचार होतो. अपरिपक्व पेशी वाढलेल्या दिसल्या, तर त्या फिलाडेल्फियावाल्या आहेत की नाहीत हे पाहणे अत्यावश्यक असते: असतील तर तो जुन्या सीएमएलचाच उद्रेक, आणि नसतील तर तो नवाच आजार. दोन्हींचे उपचार वेगळे.

क्रॉनिक लिम्फोसायटिक ल्युकेमिया, म्हणजे सीएलएल, या दुसऱ्या चिरकारी ल्युकेमियात चित्र जरा निराळे आहे. तिथे आयब्रुटिनिब किंवा व्हेनेटोक्लॅक्स या लक्ष्यवेधी गोळ्या घेताना एमडीएस आढळला, तर त्या रुग्णाला पूर्वी फ्लुडाराबिन आणि सायक्लोफॉस्फमाइड असलेली केमोथेरपी मिळाली होती का, हे आधी विचारावे लागते. ती औषधे मूळ पेशींच्या डीएनएलाच इजा करतात आणि तिचा परिणाम काही वर्षांनी दिसू शकतो. म्हणून डॉक्टर बदलला तरी जुन्या केमोचे कागद फेकू नयेत.

इतके वाचून कोणी उद्यापासून गोळी बंद करील, अशी मला खरी धास्ती वाटते. तसे करू नये. गोळी सोडली तर सीएमएल परत डोके वर काढण्याचा धोका कितीतरी मोठा आहे, आणि आठवे गुणसूत्र वाढलेले असले तरी बहुतेकांची गोळी तशीच चालू राहते. डोस कमी करणे, थांबवणे किंवा औषध बदलणे हा निर्णय मज्जेचा अहवाल समोर ठेवून तुमच्या रक्तविकारतज्ज्ञाने घ्यायचा.

निफाडच्या त्या बागायतदारांच्या काचेत मला दोन्ही प्रकार दिसले होते: सहा कप्प्यांच्या पुष्कळ पेशी आणि चष्म्यासारख्या दोन-तीन. ब-१२ तपासले, ते ११८, म्हणजे कमी निघाले, म्हणून इंजेक्शने सुरू झाली. चष्म्यासारख्या पेशींमुळे मज्जाही तपासली गेली. वीस पेशींपैकी एकीतही फिलाडेल्फिया गुणसूत्र नव्हते, चार पेशींत आठवे गुणसूत्र तीन होते, अपरिपक्व पेशी वाढलेल्या नव्हत्या. डॉक्टरांनी गोळी तशीच ठेवली आणि सीबीसी दर महिन्याला करायला सांगितले. तीन महिन्यांत हिमोग्लोबिन १२ च्या वर गेले, एमसीव्ही ९६ वर आला, प्लेटलेट मात्र लाखाच्या आसपासच घुटमळत राहिल्या. सहा महिन्यांनी मज्जा पुन्हा काढली, तेव्हा तीन आठवी गुणसूत्रे असलेली पेशी वीसात एकच सापडली. जास्तीचे गुणसूत्र किमान दोन पेशींत दिसले तरच त्याला एका सदोष पेशीपासून वाढलेला समूह म्हणायचे, असा गुणसूत्रे मोजणाऱ्यांचा नियम आहे. त्यामुळे अहवालात समूहाची नोंद आली नाही, पण मोजणाऱ्याने त्या एका पेशीचा उल्लेख खाली आवर्जून केला होता. त्यांचे सीबीसी आता दर दोन महिन्यांनी होते, आणि काच माझ्याकडे येते.